आपली भेट ठरली आहे

"उमाकांत, तुझं सांग."

आमच्या ऑफिसात रोज सकाळी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आणि कुठं घोडं पेंड खातंय का. उभं राहून अशासाठी, की पाय दुखायला लागले की माणूस कमी बोलतो. मला तर बसवलं असतं तरी मी तेवढंच बोललो असतो.

"काल टेस्टिंगचा डेटा साफ केला. आज वार्षिक आढावा भरणार. अडथळा काही नाही."

"याला वर्षभरात एकदाही अडथळा आला नाही बघा," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. रेश्मा तांबोळी, आमची टीम लीड, ती तेवढी हसली नाही. तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि पुढच्याला म्हणाली, "हं, तुझं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गेटवरचा सिक्युरिटीवाला होता.

"सर, तुमचे वडील आलेत."

"माझे? दुसऱ्या कुणाचे असतील."

"वरुटेच म्हणतात. इचलकरंजीवरून आलेत. मी काय विचारलं की उत्तर देत नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडं बघत बसतात."

मग ते अण्णाच होते.

अण्णांनी उभं आयुष्य यंत्रमागाच्या शेडमध्ये काढलं, आणि त्या खडखडाटाला दोन्ही कान देऊन टाकले. आमच्या गावात हे काही नवल नाही. शेडमध्ये कुणी ओरडून बोलत नाही, ओरडून उपयोगच नसतो. ओठ हलवायचे, समोरच्यानं वाचायचे. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा दारातूनच ओठ हलवायचो, 'आईनं लौकर बोलावलंय', आणि चार माग पलीकडून अण्णा ओठांनीच सांगायचे, 'आलो म्हण.' समोर असलं की अण्णांना सगळं ऐकू येतं. फोनवर काहीच येत नाही. त्यामुळं घरून फोन म्हणजे आईचा फोन. अण्णा तिच्या शेजारी बसून तिचं तोंड वाचायचे आणि मी काय म्हणतोय ते त्यावरून ओळखायचे.

आई मागच्या मार्गशीर्षात गेली. भाकऱ्या करताना छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसली, आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. मी गेलो, जे करायचं ते केलं, डोकं भादरलं, तेराव्याला आलेल्या माणसांना हात जोडले, आणि पुण्याला येऊन खुर्चीत बसलो. लोक म्हणाले, पोरगं धीराचं आहे. धीर कसला! दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. मी अख्खाच्या अख्खा तसा झालो होतो. त्या वर्षी मी काय जेवलो, कुठले कपडे घेतले, कोणत्या गोष्टीवर हसलो, आज विचाराल तर सांगता येणार नाही. काम मात्र चोख केलं. बधीर माणसाचं काम फार चांगलं होतं, कारण त्याला दुसरं काही होतच नाही.

घरी गेलो नाही. दिवाळीलाही नाही. आणि येत्या शनिवारी आईचं वर्षश्राद्ध होतं, तर दोन दिवसांपूर्वी थोरल्या बहिणीला, निर्मलाताईला, फोन करून सांगून टाकलं होतं, की शनिवारीच आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांना चालू करून द्यायचंय, मला जमणार नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णांना तूच सांग."

"त्यांना फोनवर ऐकू कुठं येतं? तू सांग की."

"मी न्हाई सांगणार," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लिफ्टमधून खाली येताना मला वाटलं, शेवटी सांगितलं असणार तिनं. म्हणूनच आलेत. आता शिव्या खायच्या. शिव्यांचंही काही वाटत नव्हतं.

अण्णा गेटपाशी बाकावर बसले होते. धुतलेला पांढरा शर्ट, टोपी, आणि पाठीला आमच्या कंपनीची काळी सॅक. ती मला कधीतरी दिवाळीत मिळाली होती आणि मी घरी टाकून आलो होतो. स्वारगेटला उतरून त्यांनी सॅकवरचं नाव रिक्षावाल्याला दाखवलं, दोन रिक्षावाल्यांनी 'माहीत नाही' म्हटलं, तिसऱ्यानं आणून सोडलं. मला बघून ते उठले आणि आधी माझ्या चेहऱ्याकडं, मग पोटाकडं बघितलं.

"वाळलाईस," ते म्हणाले. "बरा हाईस न्हवं?"

"बरा आहे. तुम्ही असे अचानक?"

"तुला फोन करून काय करू? तू बोलणार, मी नुसतंच कानाला लावून बसणार." आणि स्वतःच हसले.

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. अण्णांनी नेहमीप्रमाणं निम्मा चहा बशीत ओतला. तो फुंकून फुंकून संपवला. मी वाट बघत होतो की आता श्राद्धाचा विषय निघेल. पण त्यांनी शर्टाच्या खिशाचं बटण काढलं, आतून एक मोबाइल काढला आणि बाकड्यावर माझ्यासमोर ठेवला.

आईचा मोबाइल. बटणांचा, मागं रबर लावलेला, कारण झाकण निघायचं.

"हे तुज्याकडं ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "आता वाजत न्हाई. तवापासनं चार्जिंग पण लावलं न्हाई. उगं घरात पडून काय करायचं?"

"हा चालू होता?"

"व्हय की. रोज चार्जिंग लावत हुतो. बाबूच्या दुकानातनं रिचार्ज पण करून आणत हुतो. नंबर बंद पडतो म्हणं न्हाईतर."

आता इथं मला थोडं मागं जाऊन आमच्या धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. पेशंटनं डॉक्टरांची वेळ घेतली की त्याला मोबाइलवर मेसेज जायचा, की आपली भेट अमुक वाजता ठरली आहे. हे मेसेज नीट पोचतात का ते तपासायला एक खोटा पेशंट तयार करावा लागतो. सगळे स्वतःचा नंबर टाकतात. माझा नंबर इतके मेसेज झेलून झेलून मेसेज कंपनीनं बंद करून ठेवला, म्हणून मी मला पाठ असलेला दुसरा नंबर टाकला. आईचा. नाव पण तिचंच टाकलं, आणि डॉक्टर म्हणून माझं. आई असताना सुरुवात झाली होती त्याची. मी सकाळी ऑफिसात येऊन यंत्रणा चालू केली की पहिला मेसेज आपोआप इचलकरंजीला जायचा: 'श्रीमती सुलोचना वरुटे, आपली भेट उद्या सकाळी ११ वाजता डॉ. उमाकांत वरुटे यांच्याशी ठरली आहे. कृपया वेळेवर यावे.'

आई पहिल्या दिवशी घाबरली होती. मग कळल्यावर तिनं गल्लीभर दाखवलं. "आम्हाला मेडिकलची फी झेपली न्हाई, पर कंप्युटरनं माझ्या पोराला डॉक्टर केलं बघा." मला फोन करून म्हणायची, "डॉक्टरसाहेब, उद्या अकराला येऊ न्हवं? पुन्हा म्हणशील, गर्दी हाय."

ती गेल्यावर तो पेशंट तसाच राहिला. मी काही मुद्दाम ठेवला नव्हता. खरं सांगायचं तर माझ्या ध्यानातच नव्हता. रोज सकाळी पडद्यावर तिचं नाव यायचं आणि पुढं हिरव्या अक्षरांत 'पोचला' असं. मेसेज पोचतो म्हणजे पलीकडं फोन चालू आहे, म्हणजे कुणीतरी तो चार्ज करतंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला त्याच गोष्टीचा पगार होता, आणि वर्षभर माझ्या डोक्यात आलं नाही.

"तुम्ही वाचत होता ते?" मी अण्णांना विचारलं.

"मग? तुजी आई असताना काय म्हणायची? मेसेज वाजला की म्हणायची, 'उमा बसला बघा जाग्यावर.' ती गेल्यावर वाजलेलं मला कुठलं ऐकू येतंय? म्हणून खिशात ठेवत हुतो. थरथरलं की कळायचं. म्हणायचो, बसलं पोरगं जाग्यावर. मग मी जेवायला बसायचो."

त्यांनी बशी बाजूला सारली.

"रईवारी येत न्हवता. रईवारी सुट्टी तुला. दिवाळीत चार दिवस आला न्हाई, तर मी ताईला म्हटलं, सुट्टी लागली वाटतं, येतंय आता. चकल्या करून ठेव म्हटलं." त्यांनी टोपी नीट केली. "तर पाचव्या दिवशी थरथरलं. म्हटलं, गेलं कामावर."

दिवाळीचे ते चार दिवस मी खोलीवर झोपून काढले होते.

"पर परवा हे आलं," म्हणत अण्णांनी मोबाइल उचलला, बटणं दाबली आणि माझ्यासमोर धरला. वरच्या कोपऱ्यात बॅटरीची शेवटची काडी लुकलुकत होती.

'श्रीमती सुलोचना वरुटे, डॉ. उमाकांत वरुटे यांच्याशी ठरलेली आपली भेट रद्द करण्यात आली आहे.'

परवा काय झालं होतं ते मला आठवलं. सॉफ्टवेअर चालू करायच्या आधी खोटे पेशंट काढून टाकायचे असतात. रेश्मा माझ्या खुर्चीमागं उभी राहून यादी बघत होती. तिनं विचारलं होतं, "हा नंबर कुणाचा आहे? खऱ्या माणसाला जातायत की काय मेसेज?" आणि मी म्हणालो होतो, "कुणाचा नाही." मग मी ते नाव निवडून काढून टाकलं. ज्याची भेट ठरलेली आहे असा पेशंट तसा काढता येत नाही, आधी भेट रद्द होते आणि त्याला तसं कळवलं जातं, हा नियम मीच कधीतरी लिहिला होता. पेशंटला उगाच हेलपाटा पडू नये म्हणून.

ताईला 'येणार नाही' म्हणून सांगितलं त्याच दिवशी दुपारी.

"अण्णा, ते टेस्टिंग होतं," मी म्हणालो. "कामाचा भाग. त्याला काही अर्थ नसतो."

"म्हाईत हाय मला. मी काय येडा हाय?" अण्णा माझे ओठ वाचत म्हणाले. "वर्षभर उद्या भेट, उद्या भेट म्हणून येतंय, म्हणून मी काय रोज हिला घेऊन दवाखान्यात निघालो? म्हाईत हाय टेस्टिंग असतंय. पर रद्द असं कधी आलं न्हवतं. म्हणून ताईला विचारलं, उमा शनवारी येणार हाय न्हवं? तर ती मूग गिळून गप्प. मग मी ओळखलं. हे टेस्टिंग न्हवं."

मी खाली बघायला लागलो. खाली बघितलं की अण्णांशी बोलणं तुटतं, हे मला पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं.

"मी भांडायला आलो न्हाई. काम असंल तर ऱ्हाऊ दे. तुजा भाचा घालंल पाणी. मेसेज यायचा बंद झाला, म्हणून म्हटलं, एकदा बघून येऊ. जाग्यावर बसलाय का न्हाई." मग मोबाइल माझ्याकडं सरकवत म्हणाले, "बघितलं. आता लगीच गाडी गावली तर दिवस मावळायच्या आत घरात."

इंजेक्शन उतरायला लागलं की आधी ओठाला मुंग्या येतात, मग ठणका. टपरीच्या बाकड्यावर मला तो ठणका लागला. छातीत, जिथं आईला कळ आली असेल तिथंच, असं मला वाटलं. मला रडू आलं नाही. रडायचं कसं ते विसरल्यासारखं झालं होतं. पण दुखलं, आणि दुखतंय हे मला कळलं.

"तुम्ही पाच मिनिटं बसा," मी म्हणालो. "आणि हा ठेवा तुमच्याकडंच." मी मोबाइल त्यांच्या खिशात घातला.

"आता कशाला?"

"असू द्या."

त्यांना गेटवरच्या बाकावर बसवून मी वर गेलो. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेलो. खुर्चीत बसून यंत्रणा उघडली तर रेश्मा मागून आली.

"आढावा चार वाजता आहे. आणि तो परवाचा नंबर काढलास ना?"

"काढला. आता परत टाकतोय."

"का? कुणाचा आहे तो?"

"आईचा."

आई गेल्याचं तिला माहीत होतं. तेव्हा तिनं माझ्या खोलीवर डबा पण पाठवला होता. ती हळूच म्हणाली, "चालू आहे नंबर?"

"अण्णा चार्ज करतात. खाली आलेत." आणि मग मी म्हणून टाकलं, "शनिवारी वर्षश्राद्ध आहे. मला सुट्टी पाहिजे."

"अरे मग घे की! शनिवारी तुझ्याकडं काय आहे? तुझं काम तर कधीच संपलंय. तू काही बोलला नाहीस, मला वाटलं, तुला जायचंच नसेल."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.

ती जायला निघाली, मग वळून म्हणाली, "आजपासूनच जा. आढाव्याचं बघते मी." आणि जाता जाता कुणालातरी उगाच रागावली.

मी नवा पेशंट तयार केला. श्री. दत्तात्रय वरुटे, म्हणजे अण्णा. नंबर आईचा. दिवस शनिवार. वेळ सकाळची नऊ. दवाखान्याच्या रकान्यात लिहिलं, 'घरी'. डॉक्टरांच्या रकान्यात माझं नाव. त्याच्याआधी 'डॉ.' आपोआप लागतं, ते काढायची सोय मी केलेली नव्हती. बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'पाठवला'.

एरवी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्या जागी 'पोचला' येतं. त्या दिवशी आलंच नाही. 'पाठवला' तसंच राहिलं. मला ती लुकलुकणारी काडी आठवली. फोन बंद पडला असेल तर तो उद्या चार्ज होणार नाही, परवाही होणार नाही. कारण आता वाजत नाही म्हणून अण्णांनी चार्जिंग सोडून दिलंय. मी पडद्याकडं बघत बसलो. वर्षभर मी असा कुठल्या गोष्टीकडं बघितलं नव्हतं.

मग अक्षरं हिरवी झाली. 'पोचला'.

लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी खाली पळालो. स्वागतकक्षाच्या मोठ्या काचेतून गेट दिसायचं. अण्णा बाकावर बसून मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते. एकेक अक्षर लावत. त्यांची टोपी थोडी मागं सरकली होती. वाचून झालं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मान वर करून बिल्डिंगकडं बघायला लागले, कुठल्या मजल्यावर मी असेन ते शोधत.

मी काचेवर हात आपटला. आवाज त्यांना ऐकू जाणार नव्हताच, पण हालचाल दिसली.

मधे काच, आणि काचेपलीकडं गेटपर्यंत एवढं मोठं आवार. अण्णांनी मोबाइल वर करून मला दाखवला आणि ओठ हलवले. चार माग पलीकडून हलवायचे तसेच, सावकाश, सुटे सुटे.

'खरं, का टेस्टिंग?'

'खरं,' मी म्हणालो. आवाज न करता. आणि मग, त्यांना नीट दिसावं म्हणून, पुन्हा एकदा. 'खरं. आत्ताच येतोय तुमच्याबरोबर.'

त्यांनी मान हलवली. मोबाइल खिशात टाकायला गेले, पण तसाच हातात धरून थांबले. पाठीवरची सॅक पुढं घेतली, तिच्यातून आईचा चार्जर बाहेर काढला, वायर उलगडली, आणि सिक्युरिटीवाल्याकडं वळून काहीतरी विचारलं. मला काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले.

"इथं कुठं पलग हाय काय ओ?"